पेटीमागची नावे

माझे शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीच्या वर्गात मी गेलो, पण टिकलो नाही. मास्तरांचे आणि माझे पटेना, तेव्हा दोघांपैकी एकाने शाळा सोडणे भाग होते. मास्तरांना पगार होता, म्हणून मी सोडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी कॉम्प्युटरबद्दल लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याने मध्येच 'ह्याला काय कळते' म्हणून कागद खाली ठेवू नये. मला जेवढे कळले तेवढेच लिहितो. पण जे कळले ते पक्के.

ऐंशीचे दशक सरत आले होते. मालवणच्या किनाऱ्याला आमच्या पाच-सहा गावांची मिळून आंबा बागायतदारांची सोसायटी होती आणि मी तिचा अध्यक्ष होतो. निवडून आलेला, कोणाच्या उपकाराने नव्हे. चिऱ्याची लांबलचक शेड होती, पेंढ्याच्या वासाने भरलेली. दुपारपासून पेट्या यायच्या, संध्याकाळी ट्रक भरून फोंडाघाटाने वर कोल्हापूर, तिथून पुणे. सूर्य समुद्राला टेकायच्या आत ट्रक निघाला तर पहाटेचा लिलाव मिळायचा. उशीर झाला की माल दुसऱ्या दिवसावर, आणि पेटीत कोंडलेला हापूस काही माणसासारखा उपाशी बसून वाट बघत नाही. तो आतून पिकतो, मग डागाळतो, मग कोणी विचारत नाही.

ट्रकबरोबर यादी जावी लागे. कुठली पेटी कोणाची, कुठल्या वाडीची, कुठल्या दलालाच्या गाळ्यावर उतरायची. यादीशिवाय ट्रक म्हणजे तोंड असलेला पण जीभ नसलेला माणूस.

ही यादी आधी मीच हाताने लिहायचो. 'मोठे घर', 'विहिरीकडचे', 'खालच्या वाडीतली काकी' असे लिहिले की काम झाले. पण शेजारचे गाव सोसायटीत आले आणि त्यांच्याकडेही एक मोठे घर निघाले. कोणत्या गावात नसते? तेव्हा कुठल्याशा योजनेतून मशीन मिळते असे कळले आणि मी ते आणले. शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली केली, पेंढ्याची धूळ आत जाऊ नये म्हणून दाराला ओले गोणपाट लावले.

मशीनवर बसायला एक मुलगी मिळाली. माहेर कोल्हापूरचे, लग्न होऊन मालवणात आलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. बोलायची एकदम पुस्तकातले, पण आमचे मालवणी तिला सगळे समजायचे. मी तिला बाय म्हणायचो, ती मला काका.

पहिल्याच दिवशी भांडण झाले.

ती म्हणाली, "काका, मशीनमध्ये तक्ते करावे लागतात. पेट्यांचा वेगळा, सभासदांचा वेगळा. प्रत्येक पेटीसमोर मालकाचा फक्त नंबर लिहू."

"नंबर? तुरुंगात घालतंस काय गो आमका?"

"मग काय लिहू?"

"नावा लिही. सगळ्यांची. पेटी ज्यांची आसा त्या सगळ्यांची."

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचे नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे झाड एकट्याचे नसते. जमीन एकाची, त्यावरची दोन कलमे दुसऱ्याच्या आज्याने लावलेली, आणि फळावर हक्क सगळ्या भावकीचा. चार भाऊ गावात, पाच मुंबईत, एखादा बडोद्याला. पेट्यांच्या हिशेबाची चिठ्ठी मुंबईला पोस्टाने जाते आणि तिच्यावर आपले नाव नाही दिसले की तिकडचा भाऊ म्हणतो, थोरल्याने खाल्ले. बरे, नावे लिहिली तरी कशीही लिहून चालत नाही. पात म्हणजे घराण्याची शाखा; थोरल्या पातीचे आधी, मग मधली, मग धाकटी. होळीला नारळ ज्या क्रमाने दिला जातो त्याच क्रमाने. ह्यात उलटसुलट झाले तर माणसे कोर्टात जातात, आणि गेलेली आहेत.

बायने मला समजावून बघितले. "काका, इतकी नावे एका खणात मावायची नाहीत."

"खण मोठो कर."

"केला तर सगळ्यांचाच मोठा होतो."

"होवंदे. आमका काय गरीब समजतंस?"

तिने ओठ आवळले आणि मी सांगितले तसे केले. एकच तक्ता. प्रत्येक पेटीसमोर सगळ्या भावकीची नावे मानाच्या क्रमाने, वाडी, गाव, दलाल, ट्रक, सगळे. मला तो तक्ता बघायला फार आवडायचा. पडदा भरून जायचा.

चैत्राच्या सुरुवातीला पेट्या थोड्या होत्या. बटण दाबले की चहा प्यायच्या आत यादी. मी येईल-जाईल त्याला दाखवत असे. मग उन्हे तापली, माल धो धो यायला लागला, अक्षय तृतीयेचा बाजार जवळ आला आणि मशीन रांगायला लागले. चहा झाला, पान झाले, ट्रक भरून दोर आवळून झाला, तरी पडद्यावर काही नाही. एका कोपऱ्यात तेवढा लाल दिवा लुकलुकतोय.

ड्रायव्हर फोंड्याचा. तोंडाने फाटका. प्लायवूडच्या दारात डोके घालून म्हणायचा, "काकानू, मशीन बाळंत होता काय? कळा दोपारपासून चालू आसत. सुईण बोलवंया?"

हमाल हसायचे. बाय मान खाली घालायची. मी म्हणायचो, "तू गाडयेक पाणी घाल."

पण दोनदा ट्रक अंधार पडून निघाला. दोनदा पहाटेचा लिलाव चुकला. आणि नाक्यावर एका खाजगी व्यापाऱ्याची वखार होती, तो खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "आमच्याकडे मशीन नाय हां. आमच्याकडे फक्त आंबे जातत."

मग आमच्या गावच्या मोठ्या घराचा थोरला शेडमध्ये आला. हा आणि मी तिसरीत एका बाकावर. सोसायटीतल्या सगळ्यात जास्त पेट्या त्याच्या घरच्या. तो जिकडे जाईल तिकडे अर्धा गाव जाणार हे त्याला ठाऊक, मला ठाऊक आणि नाक्यावरच्या खुर्चीलाही ठाऊक.

"सांगान ठेवतंय," तो म्हणाला. "परवा माझी बैलगाडी नाक्यार उबी करतलंय. सूर्य पाण्याक लागायच्या आत तुझी यादी भायर इली, तर गाडी तुझ्याकडे. नाय तर वखारीत."

"इतक्या वर्सांची सोसायटी एका सांजेर मोडतंस?"

"मी मोडतंय? तुझा मशीन मोडता."

तो गेला. सोसायटी मी उभी केली होती. दलालांच्या दारात उभा राहून, शिव्या खाऊन, शिव्या देऊन. ती परवाच्या सूर्यावर टांगली गेली.

मी खोलीत जाऊन खुर्ची ओढून बसलो. "बाय, ह्या आत काय करता ता माका सांग. पुस्तकातला नको. खराखुरा सांग."

बायने आधी माझ्याकडे बघितले. मी खरेच ऐकणार आहे की नाही ते तपासले असावे. मग म्हणाली, "काका, पंगतीला पान मांडताना एकट्या माणसाला किती पाने मांडता?"

"एक."

"आपण एकेकाला दहा-बारा मांडतोय. मोठ्या घराची नावे मावावीत म्हणून खण जेवढा रुंद केला, तेवढाच रुंद समुद्राकडच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या काकींनाही दिलाय. त्यांचे एक झाड, एक नाव. बाकी खण रिकामा. पण मशीनला तो रिकामा खणही ओलांडून जावे लागते. प्रत्येक पेटीला."

हे मला पटले. पंगतीत रिकाम्या पानांवरून वाढप्याला चालवत न्यायचे म्हणजे भात थंड होणारच.

"आणि दुसरे," ती म्हणाली, "एका घराच्या पेट्या शोधायच्या म्हटल्या की ते नाव कुठेही असू शकते. खणात सुरुवातीला, मध्ये, शेवटी. मशीनला प्रत्येक पेटीचा सगळा खण वाचावा लागतो. आपल्याकडे नवीन पोस्टमन आला होता ना?"

आला होता. देशावरचा. पहिले काही दिवस प्रत्येक घराच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी, उभा राहून विचारायचा, अमक्यांचे घर हेच काय? पत्र आमचे, पण सगळा गाव वाचून झाल्यावर आमच्याकडे यायचे.

"आणि जुना पोस्टमन?"

"तो थेट जाय."

"का?"

"त्याका घर म्हायत."

"मग नंबर म्हणजे तेच, काका. घराचा ठिकाणा. नंबर एवढासाच असतो, दोन-तीन आकडे. त्या नंबरांची मी मशीनला ओळ लावून देते, लहानापासून मोठ्यापर्यंत. नंबर सांगितला की मशीन थेट त्या दारात. गाव फिरायचे कारण नाही."

माझे चुकले असे मी तेव्हा म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. नावे लिहायची ती सगळी आणि क्रमानेच लिहायची, हे माझे म्हणणे कायम आहे. फक्त ती प्रत्येक पेटीच्या पाठीवर बांधायची गरज नव्हती. ती घरात ठेवायची होती.

"नावांचो क्रम जाता कामा नये," मी सांगितले.

"जाणार नाही. हिस्सेदारांचा वेगळा तक्ता करू. एका ओळीत एक माणूस. त्याच्यासमोर घराचा नंबर, आणि मानाचा क्रम. पहिला, दुसरा, तिसरा. भाऊ वाढला तर ओळ वाढवायची. खण वाढवायचा नाही."

मला हे एकदम आवडले. भाऊ वाढतातच.

पण नंबर द्यायचे तर एक नंबर कोणाला? सकाळी मी बाहेर नुसते बोललो मात्र, शेडमध्ये कावळ्यांची सभा भरली. मोठे घर म्हणे आम्ही एक. देवळाचे मानकरी गावकर म्हणे आम्ही. शेजारच्या गावचे मोठे घर म्हणे, तुमच्या आधी आमचा पाया पडला. बाय म्हणाली, "काका, नंबराला मान नसतो हो, कोणताही द्या." तिला मी हाताने गप्प केले. कोल्हापूरला नसेल. इथे असतो.

मी कोणाला विचारले नाही. देवळाच्या आवारात एक रायवळ आंबा आहे, त्याच्या लोणच्याच्या कैऱ्यांच्या पेट्या दरसाल देवस्थानच्या नावे जातात. मी बायला म्हटले, "पयलो नंबर ग्रामदेवतेचो. लिही."

देवाच्या आधी आपण, असे म्हणायची छाती कोणाची?

"आणि दोन?" थोरल्याने विचारले.

"दोन ती टोकाची काकी. समुद्राकडसून चलत येवचा, घर लागात तसो नंबर. देवाच्या खालती सगळे सारके."

थोरल्याचे घर मधोमध कुठेतरी आले. त्याने माझ्याकडे बघितले ते मी बघितले नाही.

बायने दिवसभर बसून तक्ते फोडले. पेट्यांचा एक, घरांचा एक, हिस्सेदारांचा एक, वाड्यांचा एक, दलालांचा एक. मी पाणी आणून दिले, पंखा वळवून दिला, आणि मध्ये बोललो नाही. माझ्या स्वभावाला हे जड गेले, पण केले. तिसऱ्या प्रहरी तिने बटण दाबले.

लाल दिवा लुकलुकायला लागला आणि लुकलुकतच राहिला. आधीपेक्षा कमी, पण ट्रक थांबणार तो थांबणारच.

"आता काय झाला?"

"सगळे तक्ते एकमेकांना जोडावे लागतात ना, त्याला वेळ लागतोय." तिचा चेहरा उतरला होता. पडद्यावर ओळी यायला लागल्या आणि मी उठून उभा राहिलो. थोरल्याच्या घरची एकच पेटी खाली खाली परत परत येत होती.

"ही पेटी इतक्यांदा कित्याक?"

"त्यांचे जितके भाऊ तितक्या वेळा जुळते. पेटीला घर जुळते, घराला सगळे भाऊ. मग शेवटी मी जास्तीच्या ओळी काढून टाकते."

"म्हणजे आधी सगळ्या भावांक बोलावतंस, आणि मगे घराक धाडतंस?"

"तसेच."

"गाडयेत कोण जाता? पेटी जाता की भाव जातत?"

बाय खुर्ची वळवून माझ्याकडे फिरली.

"ट्रकाच्या यादीत भाव नको," मी म्हटले. "ड्रायव्हराक ते कित्याक होये? पुण्याच्या दलालाक ते कित्याक होये? तेका पेटी, घर आणि गाळो. भाव चिठ्ठयेर. चिठ्ठी एका घराची, तेव्हा त्या एका घराच्या भावांक बोलवा. सगळ्या गावाक हाक मारू नको."

ती हसली. कामाला लागल्यापासून पहिल्यांदा. "बरोबर आहे. जे विचारलेच नाही ते जोडायचेच नाही." आणि मग तिने स्वतःचे एक घातले, ते मला सुचले नसते. दलालाचा गाळा ज्या त्या पेटीसमोरच लिहून ठेवला. म्हणाली, "ट्रकच्या यादीला हा रोज लागतो आणि एकदा ठरला की बदलत नाही. ह्याच्यासाठी दर वेळी दुसऱ्या तक्त्याचे दार कशाला ठोठावायचे?"

"म्हणजे सगळाच फोडूक नको."

"सगळेच फोडायचे नाही. सगळेच एकत्रही ठेवायचे नाही. रोज काय विचारणार ते बघून मांडायचे."

ही गोष्ट शाळेत शिकवतात की नाही मला ठाऊक नाही. शिकवावी.

दुसऱ्या दिवशी थोरल्याची बैलगाडी खरोखरच नाक्यावर उभी राहिली. पेट्यांनी भरलेली, बैल सोडलेले नव्हते. एका बाजूला आमची शेड, दुसऱ्या बाजूला वखार, आणि वखारवाल्याने त्या दिवशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. थोरला कुठल्याच खुर्चीवर बसला नाही. गाडीच्या दांड्याला टेकून समुद्राकडे तोंड करून उभा. त्याच्या मागे आणखी तीन-चार गाड्या, बघू काय होते म्हणून रेंगाळलेल्या.

इकडे बाकीच्यांच्या पेट्या चढत होत्या. सूर्य अजून वीतभर वर होता. बायने बटण दाबले. मी डोळे मिटले नाहीत. देवाला हाकही मारली नाही, त्याला एक नंबर दिला होता, तेवढे पुरे. मशीन जरा गुरगुरले आणि प्रिंटर करकरायला लागला. हमालाच्या हातातली बिडी अर्धीसुद्धा झाली नव्हती.

मी कागद फाडून घेतला आणि नाक्यावर चालत गेलो. धावलो नाही.

"ही यादी. सूर्य थंय आसा, बघ."

थोरल्याने कागद घेतला. वरून खाली बघितला. "देवाचो पयलो," तो म्हणाला. "तुझी अक्कल ती. आणि माझ्या भावांची नावा खंय?"

"ती चिठ्ठयेर."

"चिठ्ठी खंय?"

"तुझे पेटये शेडात इल्याबिगर चिठ्ठी कसली?"

"म्हणजे माल आधी देवचो आणि नावा मगे बघूची?" तो वखारवाल्याकडे वळून हसला. "आयकलंस?"

हे त्याचे जुनेच. तिसरीतही पाटी आधी दाखव म्हणायचा, मग पेन्सिल द्यायचा. मी म्हटले, "चल. मशीनासमोर उबो रव. कालच्या पेटयेंची चिठ्ठी काढून दाखवतंय. एक नाव जरी हलला, तर मी स्वतः गाडी वखारीत लोटतंय."

तो आला. चपला गोणपाटापाशी काढल्या आणि प्लायवूडच्या खोलीत वाकून शिरला. बायने त्याच्या घराचा नंबर मारला. खोलीत आम्ही तिघे, आणि दारात ड्रायव्हर. थोरला मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला गेला तोवर कागद बाहेर आला होता.

तो बोट लावून वाचायला लागला. थोरली पात. स्वतःचे नाव, मग पाठच्या भावाचे, ज्याच्याशी तो कित्येक वर्षे बोलत नव्हता. बोट तिथे थांबले. मग खाली सरकले. मधली पात, मुंबईवाले. मग धाकटी. बडोद्याचा शेवटी. सगळे जागच्या जागी.

"क्रम कोणी घातलो?"

"त्यांनी," बायने माझ्याकडे बोट केले. "मानाच्या क्रमाचा वेगळा खण आहे. तो कोणाला पुसता येत नाही."

थोरल्याने चिठ्ठीची घडी घातली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. बाहेर जाऊन नाक्याकडे तोंड करून गड्याला हाक मारली, "रे, गाडी हाड हंय!"

बैल वळले. मागच्या गाड्याही वळल्या, हे मी शेडच्या दारातून बघितले. ड्रायव्हर कपाळाला हात लावून ओरडला, "काकानू, दोर आवळून झालो! आणि यादी? ह्या नव्या पेटयेंची यादी कोण काढतलो? सूर्य पाण्याक लागता!"

खरेच होते. एवढ्या गाड्यांचा माल, आणि हातातली यादी त्यांच्याविना केलेली. मी खोलीत बघितले. बायने मान वर केली नाही, हात नुसता दाराबाहेर काढला. "नंबर सांगा, काका. घराचा नंबर आणि पेट्या किती. नावे सांगू नका."

मी दारात उभा राहून ओरडायला लागलो. हमाल पेटी उचलायचे, मी नंबर सांगायचो, ती मारायची. थोरल्याच्या गाडीचा नंबर आला तेव्हा तो स्वतःच बोलला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा, मधल्यातला तो नंबर.

शेवटची पेटी ट्रकवर चढत होती तेव्हा प्रिंटर थांबला. ड्रायव्हरने कागद दातांत धरला, दोर ओढून गाठ मारली आणि उडी मारून बसला. सूर्याचा खालचा काठ पाण्याला लागला होता, वरचा अजून बाहेर होता. थोरला ट्रकच्या मागे धूळ खात उभा होता. "उद्या मी लवकर येतलंय," तो म्हणाला, "दोपारीच. तुझ्या त्या बायक सांग, माझ्या धाकट्या भावाक झील झालोसा, पयलोच पोरगो. तेचा नाव घालूचा आसा."

"ओळ वाढता," मी म्हटले. "खण वाढूचो नाय. घाल खुशाल."